दुरून चालू होणारी गाडी आणि गुपचूप उतरणारी बॅटरी

दुकानासमोर उन्हात तापलेली मोटार गल्ल्यावर बसूनच रिमोटने चालू करावी, एसी लावून ठेवावा आणि गार झाल्यावर जाऊन बसावे, ही हौस आता नगरच्या व्यापाऱ्यांतही दिसते. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, तोंडी मात्र नगरच आहे.) काही नव्या मोटारींत ही सोय कंपनीच देते. बाकीचे बाहेरून कीट बसवून घेतात. ही वस्तू मुळात कॅनडा-अमेरिकेच्या बर्फासाठीची. आपल्याकडे ती घेण्यापूर्वी बॅटरीचा आणि चावीचा हिशेब समजून घ्यावा.

स्टार्टर वारंवार मारल्याने बॅटरी उतरते, असा सर्वसाधारण समज आहे. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो हे खरे, पण एक-दोन सेकंदच. ती भर आल्टरनेटर काही मिनिटांत करून देतो. खरी गळती बंद गाडीत होते. रिमोटचा इशारा टिपण्यासाठी कीटचा रिसीव्हर रात्रंदिवस जागा असतो. लहान मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची. घड्याळ, अलार्म वगैरे धरून बंद गाडीचा खर्च 50 मिलिअँपिअर असेल तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात, म्हणजे पंधरवड्यात निम्मी बॅटरी रिकामी. हलक्या कीटमुळे किंवा चुकीच्या जोडणीमुळे हाच खर्च 200 वर गेला, तर चौथ्या दिवशीच ती वेळ येते. उमऱ्याला पंधरा-वीस दिवस जाणाऱ्यांनी निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलेले बरे.

आपण ठाण घेताना वार मोजून घेतो, तशी ही गळतीही कीट बसवण्यापूर्वी आणि नंतर मोजून घ्यावी. निगेटिव्ह वायर सोडवून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खुणेवर जोडायचा, गाडी लॉक करायची आणि अर्धा तास थांबून आकडा पाहायचा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज जाईल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2 दाखवली तर निम्मी.

आता चावीचा मुद्दा. नव्या मोटारीत इमोबिलायझर असतो. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ते चुकवण्यासाठी काही कारागीर दुसरी चावी डॅशबोर्डखाली दडवून टाकतात. म्हणजे चोरासाठी चावी आपणच गाडीत ठेवली! शिवाय गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

सर्वात मोठा धोका गिअरच्या गाडीत आहे. अनेक गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि कीट बसवताना नेमकी तीच सोय निकामी केली जाते. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये लावायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. अशी गाडी रिमोट दाबताच पुढे उडी घेईल, आणि बाजारात तिच्यासमोर कोणाचेही मूल उभे असू शकते. त्यामुळे गिअरच्या गाडीला हे कीट बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 चाही रोख हाच आहे : सार्वजनिक जागी चालकाविना उभ्या गाडीचे इंजिन बंद व ब्रेक लावलेला असावा, किंवा ती आपोआप हलणार नाही अशी तजवीज असावी. बंद गॅरेजमध्ये तर धुराच्या विषारी वायूमुळे जिवाशीच गाठ.

ऑटोमॅटिक गाडीला बसवायचेच असेल तर बॅटरीजवळ फ्यूज, बॉनेट उघडताच इंजिन बंद करणारा स्विच आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय, या तीन गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. वायर तोडल्यास वॉरंटीचे काय, हेही गाडीच्या शोरूममध्ये आधीच विचारून घ्यावे.