उललेल्या टाचा आणि मुठेल

थंडी पडली की हातपाय उलतात, नडग्यांवर पांढरे ओरखडे उठतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या फटी नैसर्गिक स्निग्धांशाने लिंपलेल्या असतात. कढत पाणी आणि उग्र साबण हे लिंपण धुऊन काढतात. मग कोरडी हवा आतला ओलावा ओढून घेते.

तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी अडवते. म्हणून कोमट पाण्याने आंघोळ करावी, अंग टॉवेलने हलकेच टिपावे आणि दोन-तीन मिनिटांत, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. ते थोडे पाणी मिसळूनच वापरावे.

टाचांच्या भेगांवर कोकणात जुना उपाय आहे तो मुठेलाचा, म्हणजेच भिरंडेलाचा. कोकमाच्या बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारे तेल काढतात. ते थिजू लागले की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. रात्री पाय धुऊन, मुठेल किंचित पातळ करून भेगांत भरावे आणि सुती मोजे घालून झोपावे.

लिंबू चोळू नये, त्याने आग होते. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, खाज थांबत नसेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांवर न विसंबता डॉक्टरांना दाखवावे.