पोटावरची पिशवी आणि गळतीचे भय

आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे पुष्कळांना वाटेल. पण ज्या दुःखाविषयी बोलता येत नाही ते ज्याचे त्याला एकट्यालाच भोगावे लागते. म्हणूनच तो येथे घेतला आहे.

कर्करोग, आतड्याला पडलेले छिद्र, अपघात अशा कारणांनी शस्त्रवैद्यांना कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर उघडावे लागते. त्या तोंडास स्टोमा म्हणतात. त्याला आवळून धरणारा स्नायू नसतो. मल वा मूत्र इच्छेवाचून बाहेर येते, आणि ते झेलण्यासाठी चिकट चकतीच्या आधाराने पोटावर पिशवी लावतात. शस्त्रक्रियेने मनुष्य वाचतो खरा. पण पुष्कळदा तो पुढे घरातच कोंडून घेतो. त्याला कोंडणारा रोग नव्हे, तर पिशवी गळेल हे भय होय. बदलापूरहून मुंबईचे टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. लोकलला दीड तासाच्या आसपास लागतो, आणि लोकलमध्ये शौचालय नाही. अशा गाडीत पाऊल टाकण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे?

हे भय नवे नाही. डेन्मार्कमधील एलिसे सोरेनसेन या परिचारिकेची बहीण याच धास्तीने घराबाहेर पडेना, तेव्हा १९५४ साली एलिसेने त्वचेला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. त्याच दशकात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील शस्त्रवैद्य रूपर्ट टर्नबुल यांनी त्वचेच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरात आणला. हा डिंक आपल्याच रानातील कांडोळ वृक्षाचा! तात्पर्य, गळती हे नशीब नव्हे. तिला कारण असते, आणि ते बहुधा सापडते.

पहिले कारण मापाचे. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. म्हणून त्या काळात आठवड्यास एकदा तो मोजावा आणि चकतीचे भोक त्याच्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. भोक मोठे झाले की उघड्या त्वचेवर मल साचतो, त्वचा सोलवटते, ओल्या त्वचेला चकती धरत नाही, आणि पुन्हा गळते. हे दुष्टचक्र येथेच तोडावे लागते. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर अधिकच जपावे, कारण त्यातील पाचकरस त्वचा जाळतात.

दुसरे कारण त्वचेच्या तयारीचे. साधे कोमट पाणी पुरे. तेल, मलम, तेलकट साबण वर्ज्य. आपल्याकडे मायेने खोबरेल लावतात, पण त्यावर काहीच चिकटत नाही. त्वचा पूर्ण कोरडी करावी, चकती लावून तळहाताच्या उबेने मिनिटभर दाबून धरावी. पहाटे, काही खाण्यापूर्वी स्टोमा शांत असतो. बदलण्यास ती वेळ बरी.

तिसरे कारण वेळेचे. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करावी. भरलेली पिशवी आपल्या भारानेच चकती ओढते. चकती गळण्याची वाट पाहू नये. चौथ्या दिवशी गळत असेल तर तिसऱ्या दिवशी बदलावी. वैशाखाच्या घामात त्याहूनही लवकर. गळतीवर चिकटपट्टी लावणे म्हणजे आत मल कोंडून त्वचा जाळणे होय.

काढलेली चकती फेकण्यापूर्वी उलटून पाहावी. ज्या बाजूने ती विरघळली असेल, त्या बाजूने गळतीची वाट आहे. तेथे पोटाला घडी असल्यास ती भरण्याची लुकण मिळते, आणि स्टोमा आत खचला असल्यास फुगीर चकती मिळते; मात्र ती जाणत्या परिचारिकेच्या सल्ल्यानेच घ्यावी. परळच्या टाटा रुग्णालयात आणि मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाकडे असे मार्गदर्शन मिळते. ज्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे त्यांनी आपण साडीची गाठ वा पायजम्याची नाडी कोठे बांधतो आणि जमिनीवर मांडी घालून बसतो का, हे आधीच सांगावे. स्टोम्याची जागा त्याप्रमाणे ठरविता येते.

आता प्रवास. उल्हासनगर असो की अंबरनाथ, घरून निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी. झोळीत आधीच कापलेली चकती, पिशवी, ओले फडके, जुने वर्तमानपत्र, बंद करता येणारी प्लॅस्टिकची थैली आणि एक जोडी कपडे असावेत. हे सामान उन्हात ठेवू नये. कर्करोगाच्या रुग्णांस अपंगांच्या राखीव डब्यातून प्रवास करता येतो. तेथे पोटावर धक्के कमी बसतात. पावसाळ्यात सामान दुप्पट घ्यावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी परिसरात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास उतारूंना कित्येक तास गाडीतच काढावे लागले.

स्टोमा काळा पडला, रक्त थांबेना, किंवा पोटदुखी व वांती होऊन काहीच बाहेर येईनासे झाले, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

एवढे करूनही एखादे दिवशी पिशवी गळेल. गळो! बाजूला जाऊन ती बदलावी आणि कामाला लागावे. घरच्यांनी नाक मुरडू नये. कारण पिशवी सांभाळणाऱ्याला चकतीइतकाच आपल्या माणसांचाही आधार लागतो.