उंचावरील काम आणि पाळण्याची गाडी

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रस्त्यावरील दिव्याच्या खांबावर काम करीत असतां शिडीवरून खालीं पडले. शिडी बांबूची होती, जमीन ओली होती, आणि शिडीचा पाय धरणारा सोबती क्षणभर दुसरीकडे वळला होता. सुदैवानें प्राण वांचले. परंतु मांडीचें हाड मोडून ते गृहस्थ चार महिने अंथरुणास खिळले. कांहीं दिवसांनीं त्यांच्या मुलानें आम्हांस विचारलें, "सर, बाबांच्या कामाच्या ठिकाणीं पाळण्याची गाडी आहे. मग त्या दिवशीं बाबा शिडीवर कां चढले?" या प्रश्नाचें पुरतें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही गाडी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. कोणी तिला स्कायलिफ्ट म्हणतात, कोणी हायड्रॉलिक शिडी. मालमोटारीच्या पाठीवर एक लांब लोखंडी हात असतो. तो कोपरांत वांकतो, किंवा दुर्बिणीच्या नळीप्रमाणें लांब होतो. हाताच्या टोंकास पाळणा असून त्यांत एक-दोन माणसें उभीं राहतात. या यंत्राचा जन्म शहरांत झाला नाहीं, तर फळबागेंत झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं जे आयटेल नांवाच्या गृहस्थांनीं एक दिवस शिडीवर चढ-उतार करून चेरीचीं फळें तोडलीं आणि त्या त्रासांतून 1944 सालीं ही कल्पना काढली, असें सांगतात. म्हणूनच इंग्रजी बोलणारे लोक अद्यापही या यंत्रास 'चेरी पिकर' म्हणतात. पुढें बागेपेक्षां विजेच्या व टेलिफोनच्या तारांच्या कामींच त्याचा अधिक उपयोग होऊं लागला.

एवढा जड हात माणसांसह वर उचलतो कोण? याचें उत्तर आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांतच आहे. सतराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनीं दाखवून दिलें कीं, बंद भांड्यांतील द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला, तर तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो. समजा, एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या दट्ट्यावर 10 किलो भार ठेवला. त्याच तेलास जोडलेला दुसरा दट्ट्या 50 चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तो 500 किलो भार तोलून धरील. मात्र जग कोणासही फुकट कांहीं देत नाहीं. लहान दट्ट्या 50 सेंटिमीटर खालीं जाईल, तेव्हां मोठा एकच सेंटिमीटर वर चढेल. गाडींतील पंप हेंच काम सतत करीत असतो, म्हणून पाळणा सावकाश पण खात्रीनें वर जातो. तेलाची नळी मध्येंच फुटली तर काय, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठीं दट्ट्याच्या नळकांड्यासच एक झडप बसविलेली असते. ती आपोआप मिटून आंतील तेल कोंडून ठेविते, आणि पाळणा जागच्या जागीं थांबतो.

पाळणा वर गेला, तरी गाडी कलंडत कां नाहीं? हा प्रश्न तराजूचा आहे. हिशेबाकरितां असें समजूं कीं गाडीचें वजन 6,000 किलो, हाताचें 1,000 किलो आणि माणसांसह पाळण्याचें 200 किलो आहे. गाडी मध्यापासून दोन्ही बाजूंस एकेक मीटर रुंद आहे, आणि हात एका बाजूस 12 मीटर आडवा पसरला आहे. गाडी कलंडेल ती चाकाच्या कडेवर. त्या कडेपासून पाळणा 11 मीटर आणि हाताचा मध्य 5 मीटर दूर पडतो. 200 गुणिलें 11 म्हणजे 2,200; 1,000 गुणिलें 5 म्हणजे 5,000; मिळून पाडणारें बळ 7,200. सांवरणारें बळ 6,000 गुणिलें 1, म्हणजे अवघें 6,000. गाडी कलंडलीच म्हणावयाची! आतां गाडीचे चारी लोखंडी पाय बाहेर काढून जमिनीवर टेंकवूं या, म्हणजे कड मध्यापासून 2 मीटरांवर गेली. पाडणारें बळ 2,000 अधिक 4,000, म्हणजे 6,000 उरलें. सांवरणारें 12,000 झालें, म्हणजे बरोबर दुप्पट! वजनांत एक किलोचीही भर न घालतां केवळ पाय फांकविल्यानें हा लाभ झाला. परंतु पायाखालची जमीनच खचली, तर हा सर्व हिशेब व्यर्थ होय. म्हणून जाणते चालक मऊ जमिनीवर पायाखालीं जाड फळ्या घालतात.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. ही नगरी विजेवर जगते. 1915 सालीं खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रांतून येथील गिरण्यांस वीज मिळूं लागली, आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. आरंभीं डोक्यावरील तारेंत 1,500 व्होल्टांचा दाब असे. आज तो 25,000 व्होल्ट आहे. ही तार रुळांपासून सुमारें साडेपांच मीटर उंच असते. तिची देखभाल करण्यास रुळांवरून चालणारी मनोऱ्याची गाडी असते. तिच्या छपरावर वर-खालीं होणारा ओटा असतो. तारेंतील वीज बंद केल्यावांचून काम होत नाहीं, म्हणून ही गाडी डिझेलवर चालते. रविवारीं मेगाब्लॉकमुळें खोळंबा झाला कीं आपण कुरकुर करितों. त्याच वेळीं कोणी तरी त्या ओट्यावर उभा राहून आपल्या सोमवारची तजवीज करीत असतो.

रस्त्यावरील विजेच्या कामाची गाडी थोडी निराळी असते. चालू तारांजवळ जाणाऱ्या गाडीच्या हाताचा एक भाग काचतंतूंच्या द्रव्याचा असतो. त्यांतून वीज वाहत नाहीं. तारेवर बसलेल्या पक्ष्यास वीज बाधत नाहीं, कारण त्याच्या शरीरांतून जमिनीकडे वाट नसते. पाळण्यांतील माणसाचें तसेंच आहे. तथापि त्यानें एकाच वेळीं दोन तारांस, किंवा एक तार व खांब यांस स्पर्श केला, तर तीच वाट उघडते आणि पाळणा त्यास वांचवूं शकत नाहीं. म्हणून हातमोजे, शिरस्त्राण आणि पाळण्यास जखडलेला पट्टा हीं सदैव हवींतच.

अग्निशामक दलासही हें यंत्र वरदान ठरलें आहे. अमेरिकेंतील शिकागो शहराच्या दलानें 1958 सालीं असा पाळणा प्रथम आगीवर नेला. आपल्याकडे 22 जुलै 2019 रोजीं वांद्रे येथें टेलिफोन कचेरीच्या नऊमजली इमारतीस आग लागली. जिने धुरानें कोंदले आणि माणसें गच्चीवर अडकलीं. दलाच्या जवानांनीं उंच शिड्यांच्या व पाळण्यांच्या गाड्या लावून 84 जणांची सुटका केली. विमानतळावर विमानाचें शेपूट तपासावयाचें असो, तेलशुद्धीच्या कारखान्यांत उंच नळांची डागडुजी असो, वा रस्त्यावरील धोक्याची फांदी तोडावयाची असो, सर्वत्र हाच लोखंडी हात माणसास वर नेतो.

मग आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर काय? चौकशी करितां समजलें कीं, गाडी होती. परंतु ती दुरुस्तीसाठीं उभी होती, आणि काम मात्र थांबलें नव्हतें. "एवढ्याशा कामास गाडी कशाला?" असेंही कोणी म्हणालें होतें. आम्हांस वाटतें, सारें मर्म येथेंच आहे. पास्कलचा नियम कधीं चुकत नाहीं, तराजूचाही चुकत नाहीं. चुकतो तो "आजच्या दिवस चालेल" म्हणणारा मनुष्य. यंत्र विकत घेणें हें अर्धेंच काम. तें नीट राखणें आणि तें नसेल तर काम उद्यांवर टाकणें, हें उरलेलें अर्धें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें इंजिनियर होतील, कित्येक कचेरींत बसून दुसऱ्यांस कामावर धाडतील. त्या वेळीं हा हिशेब त्यांनीं विसरूं नये. पालकांसही विनंति कीं, अशी गाडी रस्त्यांत उभी दिसली तर तिच्या पाळण्याखालून मुलांस नेऊं नये, आणि वाट अडली म्हणून चालकावर रागावूंही नये. वर उभा असलेला मनुष्यही कोणा मुलाचा बाप असतो.

तो मुलगा आतां दहावींत आहे. त्याचे वडील काठी टेंकीत कामावर परतले असून त्यांस जमिनीवरचें काम दिलें आहे. परवां कलंडण्याचा तो हिशेब फळ्यावर त्यानेंच सोडवून दाखविला, आणि खालीं आपण होऊन एक ओळ लिहिली: "पाय नीट टेंकल्याशिवाय हात वर करूं नये." आम्ही ती ओळ दिवसभर पुसूं दिली नाहीं.