विमानें टिपण्याचा छंद

गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेला आमचा पुतण्या तलवाड्यास आमच्या वाड्याच्या गच्चीवर दुर्बीण व वही घेऊन बसे. त्वरितादेवीच्या टेकडीवरून पांढरी रेघ ओढीत एखादें विमान गेलें, कीं तो वेळ, दिशा व विमानाची जात टिपून ठेवी. घरांतील वडील मंडळींस प्रथम कौतुक वाटलें. परंतु वहीचीं मागलीं पानें चाळतांना आमच्या कपाळास आठी पडली. लोहगांवास उतरणाऱ्या लढाऊ विमानांचे क्रमांक, त्यांची संख्या व उड्डाणाच्या वेळा तेथें ओळीनें मांडल्या होत्या. "काका, हें तर रस्त्यावरून कोणालाही दिसतें, यांत चोरी ती कसली?" असें त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता, आणि 'मोठे सांगतात म्हणून' एवढेंच उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे, कीं हा छंद वाईट नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रडार यंत्रांची नजर समुद्राकडे लागलेली असे. शत्रूचें विमान किनारा ओलांडून आंत आलें, म्हणजे त्याचा माग ठेवण्याचें काम 'ऑब्झर्व्हर कोअर' या मुख्यत्वें स्वयंसेवकांच्या दलाकडे असे. चौकीवर बसून केवळ आकृतीवरून व आवाजावरून हे लोक विमानाची पारख करीत. त्यांच्या या सेवेबद्दल १९४१ सालीं त्या दलाच्या नांवास 'रॉयल' हें बिरुद जोडलें गेलें. सारांश, आकाश न्याहाळणारा डोळा देशाच्या कामींही येतो.

आपल्याकडील मुलांस या विषयाची गोडी लागावी, यांतही नवल नाहीं. लोहगांवचा तळ १९३९ सालीं मुंबईच्या रक्षणासाठीं उभारला गेला. सुखोई-३० विमानें हिंदुस्थानांत प्रथम १९९७ सालीं तेथेंच दाखल झालीं. नाशिकजवळ ओझर येथें प्रथम मिग व पुढें सुखोई विमानें बांधलीं गेलीं. लोहगांवास तर प्रवासी विमानेंही त्याच धांवपट्टीवरून ये-जा करतात. त्यामुळें लढाऊ विमान पाहण्यास कोणास मुद्दाम वाट वांकडी करावी लागत नाहीं.

मग धोका कोठें आहे? याचें उत्तर आम्हीं पुतण्यास आमच्याच गेवराई तालुक्यांतून दिलें. राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम स्वतः गोदावरी उतरून गेला होता व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला होता. मराठ्यांनीं नेमका तोच प्रसंग साधला, आणि विठ्ठल सुंदर त्या लढाईंत पडला. आतां विचार करा: एवढी फौज कांहीं झांकून ठेवतां येत नाहीं, नदीकांठच्या गुराख्यालाही ती दिसली असेल. परंतु किती उतरले, किती राहिले, आणि हें केव्हां, या तीन गोष्टी एकत्र कळल्या, म्हणजे उघड दिसणारी वस्तुही शस्त्र होते.

विमानांचेंही तसेंच आहे. एका विमानाचें एक छायाचित्र निरुपद्रवी असतें. पण शेंकडों हौशी माणसांच्या नोंदी एके ठिकाणीं जमल्या, म्हणजे क्रमांकांवरून तुकडी कळते, संख्येवरून बळ कळतें, पंखाखालीं काय टांगलें आहे यावरून तयारी कळते, आणि नेहमींचीं विमानें दिसेनाशीं झालीं तर तीं अन्यत्र हलविलीं, हेंही कळतें. मोबाईल फोननें घेतलेल्या चित्रांत पुष्कळदां वेळ व ठिकाणही आपोआप नोंदलेलें असतें. प्रवासी विमानें आपली ओळख, उंची व जागा बिनतारी संदेशानें स्वतःच पुकारीत जातात. लढाऊ विमानांस प्रसंगीं मौन पाळावें लागतें. तें मौन आपल्या हौसेनें मोडणें, हाच या छंदांतील दोष होय.

नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां दूरचित्रवाणीनें आपल्या जवानांच्या हालचाली जशाच्या तशा दाखविल्या. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालच्या निकालांत कडक शब्दांत नापसंती दर्शविली. मे २०२५ मधील पाकिस्तानाबरोबरच्या संघर्षानंतर, सैनिकी विमानतळांवरून, विशेषतः पश्चिम सीमेजवळील तळांवरून, जाणाऱ्या प्रवाशांस दहा हजार फुटांखालीं खिडक्या झांकून ठेवण्याची व छायाचित्रें न घेण्याची सूचना झाली.

तथापि भीतीच्या भरांत विवेक सुटतां कामा नये. नोव्हेंबर २००१ मध्यें ग्रीस देशांत अशाच छंदिष्ट ब्रिटिश व डच पाहुण्यांस हेर समजून पकडण्यांत आलें. पुढच्या वर्षीं त्यांस शिक्षाही झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अपिलांत ते निर्दोष सुटले. आपल्याकडील १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यांत राष्ट्राच्या सुरक्षिततेस बाधक हेतु हा हेरगिरीच्या गुन्ह्याचा गाभा आहे. पण सैनिकी तळांसंबंधीं शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊं शकते. आपला हेतु शुद्ध होता, हें कोठडींत बसून पटवीत राहण्याची पाळी आपल्या मुलावर कां यावी?

म्हणून आमच्या घरीं आम्ही असें ठरविलें. आकाश खुशाल पहावें. विमानांच्या जाती, त्यांची रचना व त्यांचा इतिहास मनापासून अभ्यासावा. हवाई दल आपण होऊन लोकांस प्रात्यक्षिकें दाखवितें, तेथें अवश्य जावें. परंतु तळाच्या कुंपणाशीं घुटमळूं नये, लढाऊ विमानांचे क्रमांक व वेळा टिपून अनोळखी मंडळींस कळवूं नयेत, आणि देशावर प्रसंग असतां वही मिटून ठेवावी.

पुतण्यानें पुष्कळ वेळ विचार केला. मग मे महिन्यांतील दोन पानें त्यानें आपल्याच हातानें फाडून चुलींत टाकलीं. आम्हीं त्यास तसें सांगितलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुर्बीण घेऊन तो पुन्हां गच्चीवर गेला, आणि आमच्या मातोश्रीही त्याच्या मागोमाग जिना चढूं लागल्या. एवढ्या उंचीवरून जाणारें विमान तो कसें ओळखतो, हें त्यांस शिकून घ्यावयाचें होतें.