आधी वार अडवा, मग मारा
पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीची ओळख पापलेटची. पण तलवारीच्या इतिहासातही या किनाऱ्याला जागा आहे. गावाला लागून शिरगावचा किल्ला, दक्षिणेला माहीम-केळवे, उत्तरेला तारापूर. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे दोनशे वर्षे या किनाऱ्यावर त्यांचा अंमल राहिला. १७३९च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, शिरगाव, तारापूर मराठ्यांच्या हाती आले. तारापुरावर बाजी भिवराव कामी आले. मे महिन्यात वसई पडली.

हे किल्ले पडले ते तोफा, सुरुंग आणि माणसांच्या जिद्दीने. तरी या दोन शतकांत दोन शस्त्रविद्या इथे शेजारी नांदल्या. युरोपची सरळ तलवार टोकाने भोसकणारी. आपला दांडपट्टा पात्याच्या धारेने घाव घालणारा. मराठ्यांनी परक्या शस्त्रातले चांगले तेही उचलले. युरोपात घडलेल्या लांब, सरळ पात्याला देशी मूठ बसवली आणि त्या तलवारीला ‘फिरंग’ म्हटले.

पट्टा अनेकांशी लढण्यासाठी आहे. मनगटाच्या वरपर्यंत हात झाकणारी मूठ, लांब लवचीक पाते आणि सतत फिरते घेर. घेराच्या आत शिरायला कोणी धजत नाही. युरोपातली टोकाची विद्या एकास एक लढतीत वाढली. तिच्या सरावासाठी फ्रान्समध्ये बोथट टोकाची हलकी तलवार रूढ झाली. तीच आजच्या तलवारबाजीच्या खेळातली फॉइल.

‘आधी अडवा’ हा नियम कुठून आला?

जाळीचा मुखवटा अठराव्या शतकात उशिरा आला. त्याआधी दोघांनी एकाच वेळी टोक पुढे केले, तर डोळा जाण्याची भीती. म्हणून तालमीत शिस्त ठरली: एकाने हल्ला केला की दुसऱ्याने आधी तो अडवायचा, मगच उलट मारायचे. मुखवटा आला, शिस्त राहिली. आजही स्पर्श नोंदवणाऱ्या यंत्रावर दोघांचे दिवे एकदम लागले, तर गुण कोणाचा हे पंच याच शिस्तीवरून ठरवतो. त्यातला विचार खऱ्या लढतीचाच आहे. खरे टोक अंगावर येत असताना ते न अडवता मारायला जाणारा स्वतःही मरतो.

फॉइलचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी, पाते जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर. टोकाने धडावर मारले तरच गुण. हात, पाय, मुखवट्याचा बहुतांश भाग वर्ज्य. टोकाची स्प्रिंग ५०० ग्रॅमचा दाब पेलते, त्याहून जोर लागला तरच स्पर्श नोंदला जातो. लढत चालते १४ मीटर लांबीच्या पट्टीवर.

टोक कसे पोहोचते?

साधा हल्ला म्हणजे हात लांबवत टोक लक्ष्यावर रोखणे आणि पुढच्या पायाने झेपावणे. हात आधी, पाय नंतर. हा क्रम चुकला की हल्ल्याचा हक्क हातातून जातो. समोरचा पाते आडवे आणून अडवतो. उजव्या हाताच्या खेळाडूने छातीकडच्या बाजूला केलेला बचाव ‘कार्त’, बाहेरच्या बाजूचा ‘सिक्स्त’. तो कार्तला निघाला हे ओळखून हल्लेखोर बोटांच्या जोरावर टोक त्याच्या पात्याखालून काढतो आणि दुसऱ्या बाजूने घुसवतो. वर्तुळ जितके लहान, तितका बचाव फसतो. हेच टोक पात्याच्या वरून उचलून नेले की तो ‘कुपे’.

पात्यावर टोला देऊन वाट मोकळी करता येते, पण टोला मुठीपासून दूरच्या, कमजोर भागावर हवा. मुठीजवळच्या मजबूत तिसऱ्या भागावर पडला, तर तो प्रतिस्पर्ध्याचाच बचाव ठरतो. आणि त्याने आधीच हात ताणून टोक रोखून ठेवले असेल, तर ते बाजूला सारल्याशिवाय केलेल्या हल्ल्याला मान नाही.

डावपेच याच्यापुढे सुरू होतात. कबड्डीतला चढाईपटू एक पाय दाखवून कोपरारक्षकाला हलवतो, तशी इथे टोकाची हूल द्यायची असते. आणखी खोल डाव दुसऱ्या हेतूचा. मुद्दाम अपुरा हल्ला करायचा, समोरच्याला अडवून उलट मारू द्यायचे, तो वार आपण अडवायचा आणि मग खरा घाव घालायचा. हात आखडून नुसता पुढे चालत येणाऱ्यावर मात्र तयारीतच झडप घालतात. तो चालतो आहे, पण त्याचा हल्ला अजून सुरू झालेला नाही.

यंत्रानेही तंत्र बदलले. पात्याला झटका देऊन टोक पाठीवर उतरवण्याची चाल १९९०च्या दशकात फोफावली. २००५च्या सुमारास टोक किती वेळ टेकले पाहिजे ती मर्यादा वाढवून १३ ते १५ मिलिसेकंद केली गेली, आणि ती चाल आटोक्यात आली.

आपल्याकडे

छत्रपती संभाजीनगरच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात तलवारबाजीचे प्रशिक्षण चालते. शालेय स्पर्धांतही हा खेळ आहे. सेबर या दुसऱ्या प्रकारात खेळणारी चेन्नईची भवानी देवी २००४मध्ये शाळेतच या खेळाकडे वळली आणि टोकियोत ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. हाँगकाँगच्या चेउंग का लाँगने टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन ऑलिंपिकांत फॉइलचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. मोठी परंपरा नसलेल्या शहरातूनही हे घडते.

२०२४मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्या अभिमानाला कृतीची जोड हवी. पालघर जिल्ह्यातल्या शाळांत मर्दानी खेळाच्या बरोबरीने फॉइलही शिकवावी. पट्ट्याने मुलांच्या खांद्यात बळ येईल. समोरच्याचा हेतू ओळखून, त्याला उत्तर देऊन मगच वार करण्याची सवय फॉइल लावेल. फिरंग स्वीकारणाऱ्यांच्या वारसांना हे परके वाटण्याचे कारण नाही.