न वाहिलेलं तेल

ब्राझीलच्या आइके बातिस्ता यांनी 2007 मध्ये ‘ओजीएक्स’ ही तेलशोध कंपनी काढली. नावातला ‘एक्स’ म्हणजे गुणाकाराचं चिन्ह; तो संपत्ती वाढवतो, ही त्यांची श्रद्धा. 2008 मध्ये शेअर बाजारातून अब्जावधी रेआल जमले, तेव्हा तेलाचा थेंबही निघाला नव्हता!

समुद्रतळाखाली तेल सापडणं वेगळं, ते वाहतं होणं वेगळं. खडकातली छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतील, तर तेल विहिरीपर्यंत पोचतच नाही. ओजीएक्सच्या ‘तुबारांव अझुल’, म्हणजे ‘निळा शार्क’, या समुद्री तेलक्षेत्राने निराशाच केली. जून 2012 मध्ये कंपनीने विहिरीमागे रोज फक्त 5,000 पिंपांचा आकडा जाहीर केला. आधीच्या आशा कितीतरी मोठ्या होत्या. शेअर कोसळला.

ऑक्टोबर 2013 मध्ये कंपनीने न्यायालयाकडे दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. छोट्या गुंतवणूकदारांची बचत मात्र बुडाली.