पुनरारंभापूर्वीची रुजवात
(लेखांक ७ वा)

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, कर्नेल जागा झाल्यावर तो ‘इनिट’ नामक क्रमांक १ ची प्रक्रिया सुरू करतो, आणि डिस्क जोडण्यापासून नेटवर्क उभे करण्यापर्यंतचा सारा कारभार तिच्या हुकमाने चालणाऱ्या आरंभ-लिपींकडे जातो. आता या कारभाऱ्यांचीच बदली करावयाची झाल्यास ती निर्विघ्न कशी पार पडावी, हा आजचा विषय आहे.

अशा बदलीचे एक उदाहरण पाहू. मे २०११ मध्ये ‘जेंटू’ या लिनक्स-वितरणाने ‘बेसलेआउट’ या मूलभूत पॅकेजाची दुसरी आवृत्ती आणि तिच्या जोडीची ‘ओपनआरसी’ ही आरंभव्यवस्था स्थिर म्हणून जाहीर केली, त्या वेळी जुनी दप्तरे नव्या ठिकाणी गेली: घड्याळाची ‘क्लॉक’ ही फाइल ‘एचडब्ल्यूक्लॉक’ झाली, आणि कर्नेल-मॉड्यूलांची यादी ‘मॉड्यूल्स’ नावाच्या वेगळ्या फाइलीत आली. पॅकेजे बसण्यात कोणताही अडथळा येत नसे. चालू सेवा पूर्वीच स्मृतीत आलेल्या असल्यामुळे यंत्र सुरळीत चालल्याचा भास होई. आणि उणीव उघडी पडे ती पुढच्या पुनरारंभाच्या क्षणी, जेव्हा दुरुस्तीचे नेहमीचे साधनच हाती उरलेले नसे.

याचे कारण असे की, जेंटूची पॅकेज-व्यवस्था ‘एटसी’ या, यंत्राच्या मांडणीच्या फाइली असलेल्या निर्देशिकेतील मालकाच्या हातच्या फाइलींवर परस्पर हात टाकीत नाही. नवा मसुदा ती जुन्या फाइलीशेजारी वेगळ्या नावाने ठेवते आणि निवाडा मालकावर सोपविते. म्हणून पॅकेजे बसताच, पुनरारंभापूर्वी, ‘डिस्पॅच-कॉन्फ’ हे मसुदे ताडून पाहण्याचे साधन चालवून दोन्ही मसुद्यांची ओळीओळीने रुजवात घालावी. सरसकट नकार दिल्यास नव्या लिपींना जुनीच व्यवस्था मिळते. सरसकट होकार दिल्यास ‘एफएसटॅब’ या फाइलीतील आपल्या डिस्कांच्या नोंदी कोऱ्या नमुन्याखाली गडप होण्याचे भय असते, आणि मग डिस्कचे विभाग नीट जोडले जात नाहीत.

तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम ‘एटसी’ची प्रत अन्यत्र काढावी, लाइव्ह यूएसबी सिद्ध करून ती त्याच यंत्रावर एकवार चालवून पाहावी, ‘इमर्ज’ या पॅकेजे बसविणाऱ्या आज्ञेला केवळ पूर्वदर्शन मागून काय बदलणार ते वाचावे, मगच पॅकेजे बसवावीत, रुजवात घालावी, आणि ‘आरसी-अपडेट’ या आज्ञेने कोणती सेवा कोणत्या पातळीवर नेमली आहे याची खातरजमा करावी. पुनरारंभ यंत्रासमोर बसूनच करावा. दूरच्या यंत्राचा मॉनिटर आपल्याला दिसत नाही, आणि नेटवर्कच उठले नाही तर तेथे पोहोचण्याची वाटही उरत नाही.

यातील एकही पायरी कठीण नाही, आणि म्हणूनच ती वगळण्याचा मोह होतो. परंतु पॅकेज बसविणे हे यंत्राचे काम असले, तरी दोन मसुद्यांतील कोणती ओळ आपली आणि कोणती नव्या व्यवस्थेची, हे ठरविण्याचा अधिकार जेंटूने जाणूनबुजून मनुष्याकडे ठेवला आहे; मसुदे न वाचताच तो अधिकार वापरणे म्हणजे तो गमावणेच होय.

पुढील लेखांकी: लाइव्ह यूएसबीवरून, ‘सीएचरूट’च्या साहाय्याने, न उठणाऱ्या यंत्रात प्रवेश.